घमघमताईचं नाक

माझ्या थोरल्या बहिणीला मी घमघमताई म्हणते. ती येण्याआधी तिचा वास येतो आणि ती गेल्यावर तासभर तो चिवट पाहुण्यासारखा बसून राहतो. मोठ्या दुकानात सेंटच्या काउंटरवर उभं राहण्यात तिचा जन्म गेला. डोळे बांधा, कुठलीही बाटली नाकाखाली धरा, ताई नाव सांगणार. आणि तोरा केवढा! "तुला वासच नाही गं, उकळलेल्या पाण्यासारखी आहेस," हे मला तोंडावर ऐकवायची.

तिच्या लेकीला दिवस भरायच्या आतच मुलगी झाली. एवढीशी, ओंजळीत मावेल अशी. लेक ऑपरेशननंतर तापाने फणफणलेली, जावई जहाजावर, माझा हात प्लास्टरात. बाळाला कुणाच्या तरी उघड्या छातीची ऊब हवी होती. "आजीने बसावं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण सेंट, पावडर, वासाचं तेल काही नको. सेंटमधली काही रसायनं शरीरातल्या हार्मोन्सच्या कामात लुडबुड करतात. किती, ते छातीठोक कुणी सांगणार नाही. पण एवढ्याशा जिवाच्या बाबतीत टाळता येईल तेवढं टाळायचं."

दुसऱ्या दिवशी ताई दोनदा अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून दवाखान्यातल्या बाळांच्या खोलीच्या दारात हजर. नर्सबाईंनी एक श्वास घेतला आणि मान हलवली.

"मी काहीही लावलेलं नाही!" ताई कडाडली.

"वास येतोय हो. आत नाही सोडता येणार."

ताईने मनगट हुंगलं, बाही हुंगली. तिला काही म्हणजे काही येईना. मी दहा पावलांवर उभी होते, मला येत होता, पण सांगायचा धीर होईना. जगाचे वास ओळखणारी बाई आणि स्वतःचाच पत्ता नाही! काचेपलीकडे ती चिमणी उबेच्या पेटीत एकटी पडली होती. ताई भिंतीला टेकून रडली. "माझ्या नातीला मीच चालत नाही गं."

तिच्या घरी जाऊन मी तिचं कपाट उघडलं आणि कपाळावर हात मारला. गिऱ्हाइकाला हुंगायला देतात त्या कागदी पट्ट्या हिने कपड्यांच्या घडीघडीत खोचलेल्या! वर साबण वासाचा, शाम्पू वासाचा, उशीवर रोज फवारा. मला असा संताप आला! "आता माझं ऐकायचं," मी बजावलं. काउंटरला सुट्टी, अंगाला आणि केसांना बिनवासाचा साबण, झोपायला माझं घर, घालायला माझे उन्हात वाळलेले जुने कपडे. "उघडं पडल्यासारखं वाटतंय," ताई म्हणाली.

दोन दिवसांनी नर्सबाई तिच्या अगदी जवळ आल्या, श्वास घेतला आणि हसल्या. "या आजी."

मी काचेला नाक लावून उभी. बाळाला ताईच्या छातीवर पालथं ठेवलं, वरून दुलई घातली. आधी ते किरकिरलं, काड्यांसारखे हातपाय हलले. मग कसं झालं देव जाणे, पण त्याचा अडखळणारा श्वास हळूहळू ताईच्या श्वासाबरोबर चालू लागला. यंत्रावरचा नाचणारा आकडा शांत झाला. अहो, सुई नाही, औषध नाही, नुसतं एका म्हातारीचं कोरं अंग! ताईने मान वाकवून बाळाच्या टाळूला नाक टेकवलं आणि कितीतरी वेळ तशीच राहिली.

बाहेर आली ती डोळे भरूनच. "अगं, तिला वास आहे."

"कसला?" मी विचारलं.

ताईने बाटली ओळखताना मिटते तसे डोळे मिटले.

"नाव नाही गं याला," ती म्हणाली. "दुकानात फोन लाव. मला बिनवासाच्या कंगव्यांच्या काउंटरवर टाका म्हणावं."