लिहून जिना उतरता येत नाही

घरोघरी जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या त्या बाईंना सगळे नियमताई म्हणायचे. आधी चिडवायला, मग सवयीने. घरात शिरल्या की बांगड्या पिशवीत, हात कोपरापर्यंत साबणाने स्वच्छ, मगच बाकीचं बोलणं. त्यांच्या सासूबाईंची पाठ पडून पडून जखमांनी भरली होती, कारण अंथरुणावरच्या माणसाची कूस बदलून द्यायची असते हेच पगारी मदतनीस मुलीला कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हापासून नियमताई एकही नियम थट्टेवारी नेत नसत.

नवं काम एका आजोबांकडे लागलं, तेव्हा त्यांच्या घरी पहिल्याच दिवशी त्यांनी घसरणारी पायपुसणी गुंडाळली, मुदत संपलेली दोन औषधं बाजूला काढली आणि न्हाणीघरात धरायला दांडा लावून घ्या म्हणून सांगितलं. सून नवऱ्याच्या कानाशी लागली, "या आल्यापासून आपणच पाहुणे झालोय."

आजोबांनी जन्मभर दाढी-कटिंगचं दुकान चालवलं होतं. दुकान तळमजल्यावर, घर दुसऱ्या मजल्यावर. वर्षापूर्वी पाय घसरून खुबा मोडला. हाड जुळलं, पण घरच्यांची भीती गेली नाही. दुकान आता मुलगा बघायचा आणि आजोबा पलंगावरून छताकडे बघायचे.

नियमताईंना कामावर पाठवणाऱ्या संस्थेच्या साप्ताहिक फॉर्मवर 'रुग्णाची इच्छा' असा एक रकाना होता. बाकीच्या मदतनीस तिथे डोळे झाकून 'काही नाही' लिहायच्या. नियमताई विचारायच्या.

"आजोबा, तुम्हाला काय हवंय?"

"दुकानात जायचंय."

चार आठवडे त्यांनी तेच लिहिलं. मुलगा वैतागला. "ताई, नसतं काहीतरी त्यांच्या डोक्यात भरवू नका. पुन्हा पडले तर?"

पाचव्या आठवड्यात संस्थेच्या तपासनीस बाई आल्या. जुन्या परिचारिका, बोलायला फटकळ. त्यांनी फॉर्म चाळले.

"चार वेळा एकच इच्छा. तुम्ही काय केलंत?"

"लिहिली," नियमताई म्हणाल्या.

"लिहून जिना उतरता येत नाही, बाई."

नियमताईंचा चेहरा एवढासा झाला. इतक्या वर्षांत त्यांच्या कामात कुणी खोट काढली नव्हती. पण मनातून त्यांना ते पटलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी डॉक्टरांची परवानगी मिळवली आणि व्यायाम शिकवणाऱ्यांना बोलावून आणलं. भिंतीच्या बाजूनेही कठडा लागला, पायऱ्यांच्या कडांवर पिवळ्या पट्ट्या आल्या, मधल्या वळणावर खुर्ची आली. आजोबांच्या कमरेला धरायचा रुंद पट्टा बांधून सराव सुरू झाला. पहिल्या दिवशी चार पायऱ्या, मग सात, मग वळणापर्यंत. नको नको म्हणणारा मुलगाच आता गिऱ्हाईक सोडून पायऱ्या मोजायला येऊ लागला.

तीन आठवड्यांनी आजोबा अडतीस पायऱ्या उतरले. दुकानात एका गिऱ्हाइकाची कटिंग चालली होती. आजोबा शेजारच्या खुर्चीत टेकले, श्वास जागेवर येईपर्यंत आरशात बघत राहिले. मग मुलाला म्हणाले, "त्यांचा डावा कल्ला वर गेलाय."

मुलाने वाकून पाहिलं. खरंच गेला होता. आधी गिऱ्हाईक हसलं, मग सगळं दुकान. मुलगा हसता हसता टॉवेलने डोळे पुसू लागला. आजोबा आल्याची बातमी गल्लीभर झाली आणि जुनी गिऱ्हाइकं नुसतीच येऊन बाकावर बसली. सुनेने सगळ्यांसाठी चहा खाली पाठवला.

दोन तासांनी वर जाताना आजोबा वळणावरच्या खुर्चीत बसले. "साबणाला फेस कमी काढतो पोरगा," ते म्हणाले. "उद्या दाखवायला पाहिजे."

"दाखवा की," नियमताई म्हणाल्या. पट्टा घट्ट धरून त्या एक पायरी खाली उभ्या होत्या, आणि त्यांना अजिबात घाई नव्हती.