उपटणाऱ्याची पऱ्हाटी

बाळांनो, विमानाच्या तिकिटासोबत थोडे जास्त पैसे भरले की धुराची भरपाई होते, असे तुम्ही मला फोनवर सांगितले होते. ती भरपाई आपल्या समुद्रपूरकडच्या शेतात कशी झाली, ते मी पाहिले आहे.

कापूस वेचून झाला की वाळकी झाडे उभी राहतात, ती पऱ्हाटी. लोखंडी चिमट्याने ती जो उपटेल त्याने घरी न्यायची, वेगळी मजुरी नाही, अशी इथली रीत. आपली पऱ्हाटी वस्तीतली एक बाई नेत असे. तिच्याकडे सिलिंडर आहे, पण तो चहापुरता. भाकरी आणि अंघोळीचे पाणी चुलीवरच. त्या वर्षी तिची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. बाळ-बाळंतिणीला रोज हंडाभर कढत पाणी लागते. जळणाची तिला तेवढीच सोय होती.

शेत तुमचा काका करतो. त्या हंगामात, तुमच्या त्या भरपाईचे पैसे शेतकऱ्यांना देणाऱ्या एका कंपनीचा माणूस त्याच्याकडे आला. पऱ्हाटी खड्ड्यात रचून वरून पेटवायची, राख होण्याआधी पाणी मारून विझवायची, तो कोळसा शेणाच्या काल्यात मुरवून मातीत मिसळायचा. त्याला बायोचार म्हणतात. माती भुसभुशीत होते, ओल धरते, आणि धुरात गेला असता तो कार्बन जमिनीत राहतो. हे खरे आहे, मी स्वतः वाचून पाहिले.

बाई चिमटा घेऊन आली तेव्हा मी बांधावर होते.

"यंदा मजुरी देतो, पऱ्हाटी नको नेऊ," काका म्हणाला. "कोळसा करायचा हाय."

"काऊन भाऊ, इस्त्रीचं दुकान टाकून राह्यला का?"

"मातीत पुरायचा."

ती हसली. "मानसाले तं एकच करतेत, जाळतेत नाई तं पुरतेत. तुमी पऱ्हाटीले दोन्ही करता."

कंपनीचा माणूस मोबाइलवर फोटो काढत होता. "मावशी, शेतातला कचरा आहे हा. कचऱ्याचं सोनं होतं."

"कचरा कोनता जी?" तिने खरोखरच इकडे-तिकडे पाहिले. मग मजुरी न घेता निघून गेली.

जळणासाठी ती गिरडच्या बाजूच्या जंगलात जाऊ लागली. एका सकाळी झुडपातून रानडुक्कर अंगावर आले. मांडीचे हाड मोडले. सावंगीच्या दवाखान्यात ऑपरेशन झाले, पण पाय टेकवेना. मुलगी आली ती आईचेच करायला. ती बाळंत झाली तेव्हा आई खाटेवर होती आणि चूल थंड. सासू बघायला आली, दारातच म्हणाली, "हे माहेर हाय का दवाखाना?" आणि ओल्या बाळंतिणीला घेऊन गेली. त्यानंतर त्यांनी तिला इकडे पाठवलेले नाही. नातू आता कसा दिसतो ते बाईला ठाऊक नाही.

शेवटचा खड्डा पेटवायचा राहिला होता. काकाने ती पऱ्हाटी बैलबंडीत भरली आणि तिच्या दारी नेली. मीही बसून गेले.

तिने खाटेवरूनच पाहिले. "ने भाऊ परत. आता पानी कोनासाठी तापवू?"

काकाने बैल वळवले, शेतात येऊन ती पऱ्हाटी खड्ड्यात रचली आणि वरून पेटवली.

यंदा पावसाने ओढ दिली, तरी आपले कपाशीचे शेत हिरवे आहे.