कपाट आणि खाट यांच्यामधली जागा

आमची आत्या चीजच्या कारखान्यातली प्रयोगशाळा सांभाळते. दुधाचं चीज करणारे जिवाणू ती पोटच्या पोरांसारखे जपते आणि त्यांच्यात शिरणाऱ्या विषाणूंच्या नावाने बोटं मोडते. घरी आली तरी तेच. पाहुणा चहाला येवो की रडायला, ही त्याला जिवाणूंच्या गोष्टी सांगणार. ऐकून ऐकून आम्ही नातेवाईक अर्धे शास्त्रज्ञ झालो आहोत आणि अर्धे बहिरे.

आतोबा, म्हणजे तिचे यजमान, गेले आणि घरात ती आणि तिच्या सासूबाई अशा दोघीच उरल्या. सासूसुनेचं इतकं गूळपीठ होतं की शेजारणींना त्यात काहीतरी काळंबेरं वाटे. कपाट आणि सासूबाईंची खाट यांच्यामध्ये आतोबांची आरामखुर्ची असायची. ती मोडीत गेली, तिथे सतरंजी आली आणि संध्याकाळी दोघी तिच्यावर बसून पत्ते खेळू लागल्या. मग त्या जागेत आत्याचा दीर येऊन बसला. तो सर्कशीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. सर्कस बंद पडली. दात दाखवायला म्हणून आला होता. दात बरा झाला, दीर काही हलला नाही.

हलवून पाहिलं नाही असं नाही. आत्याने त्याची गादी स्वयंपाकघरात टाकली, मग गॅलरीत टाकली. सकाळी बघावं तर स्वारी पुन्हा कपाट आणि खाटेच्या मधे, डावा पाय मुडपून, घसा खाकरत. आतोबा अगदी असेच बसत आणि असेच खाकरत. बाकी दोघा भावांत तिळाएवढं साम्य नव्हतं.

"सापडलं!" आत्या एकदा जेवताना ओरडली. "भावजी, तुम्ही विषाणू आहात."

"असेन, वहिनी," दीर म्हणाला. "जरा मीठ सरकवा."

"आत शिरल्यावर विषाणूच्या डीएनएचं कडं होतं. त्या कड्यावर एक छोटासा तुकडा असतो. तसाच तुकडा जिवाणूच्या डीएनएवर असतो, तोही एकाच ठिकाणी. एक प्रथिन दोन्ही तुकडे कापतं आणि इकडची टोकं तिकडच्यांना जोडतं. झालं! कडं उलगडून जिवाणूच्या डीएनएमध्ये बसतं. दुसरीकडे कुठे बसत नाही. तुमचं ते खाकरणं म्हणजे तो तुकडा."

"मग जिवाणू मरतो का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"कुठला मरतोय! हा आत गप पडून राहतो. जिवाणूचे दोन झाले की याचेही आयते दोन."

"मग राहू दे की बिचाऱ्याला."

आता सासूबाई कूस बदलून लेकाशीच बोलत बसायच्या. पत्ते कपाटात पडून राहिले. आत्याला काय हवं होतं ते मी स्पष्टच सांगते: तिला सासूबाई परत हव्या होत्या. पण तसं म्हणेल ती आत्या कसली!

तिने प्रयोगशाळेतला उपाय काढला. जिवाणूत विषाणू लपल्याचा संशय आला की अतिनील दिव्याखाली धरायचं. जिवाणूच्या जिवावर बेतलं की विषाणू जागा होतो आणि स्वतःला कापून सुटा होतो. घरात तसला दिवा नको, म्हणून तिने बांधकामावरचा हॅलोजन आणून त्या जागेवर रोखला. दीर जागा झाला. त्याने क्लॅरिनेटची पेटी उघडली आणि सिंह रिंगणात येतानाची धून वाजवायला घेतली. दिवसभर. अख्खी इमारत दाराशी गोळा झाली. कोणी तिकीट विचारलं, घरमालकाने घर खाली करायला सांगितलं.

जागा झालेला विषाणू आपल्या ढीगभर प्रती काढतो आणि जिवाणू फोडून बाहेर पडतो, हे आत्याला उशिरा आठवलं. ती माझ्याकडे धावत आली. "आत शिरायला एक प्रथिन पुरतं. बाहेर पडायला त्याच्या जोडीला दुसरं लागतं!"

ते दुसरं म्हणजे मी. दुसऱ्या गावात वाद्यांच्या दुकानात मी त्याला नोकरी मिळवून दिली, वर माळ्यावर खोलीही. दीर आनंदाने निघाला. पेटी घेऊन जिना उतरू लागला, आणि त्याच्यामागून वळकटी काखोटीला मारून सासूबाई.

बाहेर पडताना कधीकधी कापायचा नेम चुकतो. विषाणूचा थोडा भाग मागे राहतो आणि शेजारचा तुकडा त्याच्याबरोबर जातो. हेही आत्यानेच आम्हाला शंभरदा ऐकवलेलं. दीर गादी विसरला आणि आई घेऊन निघाला.

"आई, तुम्ही कुठे?" आत्या जिन्यात मागोमाग धावली.

"याला एकट्याला जमायचं नाही गं. तुझं तसं नाही. तू राहशील एकटी."

"नाही राहू शकत मी!" आत्या एवढ्या जोराने ओरडली की खालचा टॅक्सीवाला वर बघू लागला. "तुमच्यासाठीच तर त्यांना घालवत होते!"

सासूबाई थबकल्या. "हे आधी नाही का सांगायचं? दिवा त्याच्यावर लावलास, पण उजेड माझ्याही डोळ्यांवर येत होता. मला वाटलं, तुला मीही नकोशी झाले."

आत्याने त्यांच्या काखेतली वळकटी ओढून घेतली आणि ती उराशी धरून तिथेच पायरीवर रडत बसली.