लाल चौकोन

मंदी आली तशी ऑफिसातली सगळी माणसं हळू आवाजात बोलू लागली, भिंगरी तेवढी मोठ्यानं. भिंगरी म्हणजे कंपनीची प्रमुख. वय बावन्न, पण पाच मिनिटं एका जागी बसेल तर शपथ. हे नाव माणसांनी पाठीमागे ठेवलेलं. तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडायचंही.

तिची कंपनी लिफ्ट बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. नव्या इमारती थांबल्या, नव्या लिफ्टही थांबल्या, त्यात दोन मोठी गिऱ्हाइकं सोडून गेली. दुष्काळात तेरावा महिना. कंपनीत निम्मा वाटा तिच्या थोरल्या भावाचा. दादा शांत, तोलून बोलणारा. गिऱ्हाइकांचे फोन घेणारा अकरा जणांचा विभाग शुक्रवारी बंद करायचा, असं त्यानं ठरवलं होतं. तक्रारी काय, ईमेलनंही येतात.

तेजीत लोक विकत घेतात आणि मंदीत बोलतात, मग नेमके आत्ताच कान कशाला बंद करायचे, असं भिंगरीचं म्हणणं. दादाला हे भाषण आता पाठ झालं होतं. काहीतरी दाखव, एवढंच तो म्हणाला.

म्हणून बुधवारी सकाळी ती स्वतःच फोनवर बसली. कंपनी दोन खोल्यांची होती तेव्हा रोज बसायची. विभाग सांभाळणाऱ्या ताईंनी तिच्या कानाला हेडफोन लावून दिला.

पहिलाच फोन लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींचा. लाल चौकोन कुठं गेला, म्हणून ते तडकले होते. कसला चौकोन, भिंगरीला पत्ता नाही. तिसरा फोनही चौकोनासाठीच. दुपारपर्यंत चौदा फोनांतले नऊ!

ती जिना चढत धावतच प्रोग्रामरांकडे गेली. मुख्य प्रोग्रामर मान खाजवू लागला. चाचणीपुरता त्यानं स्क्रीनच्या कोपऱ्यात एक लाल चौकोन ठेवला होता. तो दाबला की त्या लिफ्टच्या आजवरच्या सगळ्या दुरुस्त्या दिसत. काढायचा राहून गेला, तो दोन वर्षं राहिला. गेल्या आठवड्यात प्रोग्रामच्या साफसफाईत काढला. तो माफी मागत होता आणि भिंगरी हसत सुटली होती. नवी लिफ्ट कुणी घेत नाही, म्हणजे जुनीच चालवायची. जुनी चालवायची तर तिची दुखणी ठाऊक हवीत. अख्खा धंदा तिथं उभा होता आणि आपण तो कचरा म्हणून झाडून टाकला!

ही बातमी सांगायला ती ताईंकडे पळाली. ताईंनी आपला स्क्रीन तिच्याकडे वळवला. चौकोन गेल्याचे सात निरोप, त्याआधी वर्षभर चौकोनाच्या कौतुकाचे कितीतरी. सगळे ताईंनी भिंगरीलाच पाठवलेले, तिनं एकही न उघडलेला. काखेत कळसा नि गावाला वळसा. ऐकण्यावर भाषणं देणारी बाई ती, तिला मनापासून लाज वाटली.

दादाला तिनं सगळं सांगितलं, न उघडलेल्या निरोपांसकट. दादा खूश झाला. चौकोन परत लावा म्हणाला, पण शुक्रवार काही सोडेना. सापडायचं ते सापडलं, आता फोनचं काम काय?

तिनं हेडफोन त्याच्या हातात दिला. "दादा, एक तास बस. मग तू म्हणशील तसं."

दादा बसला. एका लिफ्टचं दार मिटेना, त्याचा फोन आला. दादानं अदबीनं ईमेल करायला सांगितलं.

"साहेब, तुम्ही नवीन दिसताय," पलीकडचा मिस्त्री समजुतीनं म्हणाला. "ताईंना द्या. त्यांना आमची लिफ्ट माहीत आहे."

दादानं हेडफोन ताईंना दिला. ताईंनी दोन प्रश्न विचारले, आणि पलीकडे दार मिटलं. दादा तिथंच उभा राहून ऐकत होता. मग त्यानं खिशातली अकरा नावांची यादी काढली आणि फाडून टोपलीत टाकली.

"ताई, उद्या किती वाजता येऊ?"

"नऊला या," ताई म्हणाल्या. "वही घेऊन या."