लॉग कोनं बंद केले?

"लॉग कोनं बंद केले?" खुर्चीत बसायच्या आधीच ती विचारायची आणि उभ्यानंच एंटर असा आपटायची की माझा चहा हिंदकळायचा.

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, ज्याच्या रागाला भिऊन कोणी त्याच्यासोबत डबा उघडत नाही. आमच्याकडे ती होती. बल्लारपूरहून गाडीनं चंद्रपूरला यायची, या आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या दवाखान्यांच्या नोंदी ठेवणारा सर्व्हर सांभाळायची. मी शेजारच्या टेबलावर. तिला ताई म्हणायची.

सर्व्हर काय करतोय, कुठे अडतोय, हे तो लॉगमध्ये लिहीत जातो. किती लिहायचं ते आपण ठरवायचं. आमच्या साहेबांना रोजच्या अहवालातल्या पिवळ्या सूचना खुपायच्या. त्यांनी पातळी 'फक्त गंभीर'वर आणली. अहवाल हिरवागार.

त्याच आठवड्यात एटापल्लीहून नर्सबाईंचा फोन आला. सिकलसेल या रक्ताच्या आजाराची एक मुलगी वेदनेनं तळमळत होती. मागे कोणत्या औषधानं तिला त्रास झाला, ते जुन्या नोंदीत होतं आणि नोंद उघडत नव्हती.

"'पुन्हा प्रयत्न करा', एवढंच स्क्रीनवर येऊन राह्यलं, बाई," नर्सबाई म्हणाल्या.

ताईनं लॉग पाहिले. कोरे.

"मले विचारलं काऊन नाई?" ती साहेबांवर कडाडली.

"सर्व्हर चालू आहे ना?" साहेब म्हणाले. "आता पातळी बदलायची तर रीस्टार्ट करावा लागेल. संध्याकाळी बघू."

"रीस्टार्ट कायले? तिथं पोरगी तडफडून राह्यली, अन् तुम्हाले संध्याकाळ पाहिजे?"

तिनं काळी खिडकी उघडली, एक कमांड लिहिली. नोंदी उघडणाऱ्या भागापुरती पातळी वाढवली, चालू सर्व्हरवरच. "आता उघडा, बाई," फोनवर सांगितलं. ओळी धावू लागल्या. जंगलातली इंटरनेटची लाइन संथ, उत्तर पोचायच्या आतच सर्व्हर जोडणी तोडत होता. ताईनं थांबायची मुदत वाढवली.

"उघडलं!" नर्सबाई ओरडल्या. मागून मुलीची आई गोंडीत काहीतरी भरभर बोलत होती. ताई फोन कानाला लावून ऐकत राहिली, डोळे पुसले आणि माझ्यावर खेकसली, "पाहून काय राह्यली? चहा सांग."

महिनाअखेरीस तिचं कंत्राट वाढवलं नाही. परवानगीविना बदल केला म्हणे. मी साहेबांशी भांडले, तर म्हणाले, "काम चांगलं होतं हो, पण स्वभाव!" स्वभाव! ती गोड हसत संध्याकाळपर्यंत थांबली असती, तर त्या पोरीचं काय झालं असतं, हे एकानंही विचारलं नाही. लॉग पुन्हा मुके केले.

तिला सोडायला स्टेशनवर गेले. मला रडू आवरेना.

"रडून काऊन राह्यली? कमांड येते ना तुले?"

"येते."

"मंग?"

ती डब्यात चढली. एका माणसानं सीटवर पिशवी ठेवून म्हातारीला उभं ठेवलं होतं. गाडी हलली तेव्हा खिडकीतून दिसत होतं, ताई त्याच्यावर हात नाचवत ओरडत होती आणि तो पिशवी उचलत होता.