केशरबाईच्या घरातला सत्यशीलाबाईंचा बंगला

हे लिहिणारच न्हवते. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. कळलं तर घरचे ओरडतील, आन् विजयसिंहांच्या माणसांचा फोन येईल तो वेगळाच. पण काल केशरबाईकडं जाऊन आले आन् तवापासून डोकं नुसतं भणभणायलंय. त्यामुळं आता एका दमात सगळं सांगून टाकते.

केशरबाई नेकनूरच्या. पन्नाशी पार केलेली बाई, हाताला कायम डिंक चिकटलेला. चौदा वर्षं विजयसिंहांच्या बंगल्यावर फरशी, भांडी, धुणं. विजयसिंह म्हंजे जमीनवाले, राजकारणातले, गावात त्यांच्या पुढं कुणी बोलत न्हाई. सत्यशीलाबाई त्यांची बायको, आन् वर्षाराणी सून.

केशरबाईचा नवरा सटवा फरशी बसवतो. बीडला रेल्वेचं स्टेशन बांधत होते तवा तो तिथं कामाला होता. ही त्याच्यासाठी भाकरी घेऊन एसटीनं जायची. तो जेवत बसला की ही आत फिरून यायची. इमारत बाहेरून कुणीबी बघतं. हिचं लक्ष आत. तिकिटाची खिडकी किती उंच, साहेबाचं टेबल कुठं, मोरीतलं पाणी कुठून जाणार. घरी आली की डोळे मिटून सगळं पुन्हा फिरून यायची.

आन् मग रेल्वे यायच्या आधीच, भादव्यात, तिनं आपल्या महालक्ष्म्यांपुढं स्टेशनाची आरास मांडली. रेल्वे लिंबागणेशच्या जत्रेत घेतलेली, खेळण्यातली, सेलवर पळणारी. तिच्या मापाचं स्टेशन. भिंती लग्नपत्रिकांच्या. बाकडी ज्वारीच्या धांड्यातल्या पांढऱ्या गाभ्याची, ब्लेडनं कापलेली. बेसिनवरचा आरसा गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद. भिंतीवरचं घड्याळ म्हंजे टिकली, तिच्यावर सुईनं काटे ओढलेले. स्टेशनमास्तरच्या टेबलावर मोहरीएवढा कप, आन् कपात चहाचा रंगसुद्धा. माणसं करंगळीच्या पेराएवढी. आत लायटीच्या माळेतला एकेक बल्ब. छत उचलून बघा न्हाईतर खिडकीतून बॅटरी मारून.

शेजारची रुक्मिणीबाई वाकून वाकून बघायली. "अगं बया, कोपऱ्यात केरसुणीबी हाय!"

"मी केलंय म्हणल्यावर केरसुणी पहिली असणार," केशरबाई म्हणली.

दोन-तीन आठवड्यांनी बीडला खरी रेल्वे आली. पेढे, फटाके. विजयसिंहांनी गावात मांडव टाकून मोठा कार्यक्रम ठेवला. आदल्या दिवशी सत्यशीलाबाई म्हणल्या, "केशर, तुझं ते खेळणं एक दिवस दे गं. पाव्हण्यांना दाखवते." केशरबाईनं धुतलेल्या साडीत गुंडाळून दिलं, तान्हं लेकरू द्यावं तसं.

कार्यक्रमाला ती मागं बायांत बसलीती. आता आपलं नाव पुकारतील म्हणून पदर सारखा करून बसलीती. माईकवर आलं ते वर्षाराणीचं नाव. "आमच्या सूनबाईंनी घरच्या घरी बनवलेलं बीडचं स्टेशन!" शाल, नारळ, फोटो. वर्षाराणी मान खाली घालून उभी. केशरबाई ताडकन उठली. "अवो, ते माझं हाय!"

सत्यशीलाबाई माईकवरच हसल्या. "आमची केशर हाय ती. डिंक आणून द्यायला होती."

सगळा मांडव हसला. लेकरंबाळं, बाया, मांडववाले, सगळे. ते हसू केशरबाईच्या कानात जे बसलं ते बसलंच.

स्टेशन परत मागितलं तर म्हणे, देते की, कुठं पळून जातंय. महिनाभरानं ते तिला गोठ्यामागच्या कडब्याच्या खोलीत दिसलं. छत दबलेलं, भिंत फुगलेली, वर कोंबडी बसलेली. उचलायला गेली तर मागून आवाज आला, "हात लावायचा न्हाई. सूनबाईचं बक्षीस हाय ते." केशरबाईनं पाण्याची बादली तिथंच पालथी केली आन् घरी आली ती कायमची.

सटवा म्हणला, "जाऊ दे. दुसरं स्टेशन कर."

"करणार हाय. स्टेशन न्हाई, बंगला."

"कुणाचा गं?"

"मी चौदा वर्षं पुसलाय त्याचा."

त्या बंगल्याला टेप लावायची तिला गरज न्हवती. हॉल किती फडक्यांचा, जिना किती पायऱ्यांचा, फ्रीजमागं जाळं कुठं, सगळं हाताला पाठ. दिवाळीपासून बसली ती जूनपर्यंत. त्या खेळण्यातल्या रेल्वेच्या रुळाच्या कडेला बंगला, वरचा मजला उचलला की खालचा दिसायचा. हॉलमध्ये सोफा, त्याच्यावरचं प्लास्टिक अजून न काढलेलं, तेबी पाकिटाच्या चकचकीत कागदाचं. देवघरात देव खसखशीच्या दाण्यांचे. सैपाकघराच्या खिडकीबाहेर खिळा, खिळ्याला केशरबाईचा चहाचा कप, कान तुटलेला. चौदा वर्षं तो बाहेरच टांगलेला होता. आतल्या कोठीत पाच पिवळे डबे, शाळेतल्या लेकरांच्या खिचडीचं तेल ज्या डब्यात येतं तसले. गोठ्यामागं कडब्याची खोली, आन् तिच्यात नखाएवढं दबलेलं स्टेशन, वर तांबडी कोंबडी. एकेक वस्तू चिकटवताना ती म्हणायची, "घे." दुसरं काही न्हाई, नुसतं "घे."

शेवटी वरची एक खोली राहिली, वर्षाराणीची. तिच्या दाराला कडी बाहेरून होती. सून माहेरी फोन करती म्हणून सासू दुपारचं कोंडून ठेवायची. केशरबाईला माहीत, कारण ताट तीच वर न्यायची. तिनं टाचणी वाकवून इवलीशी कडी केली. पण लावायची का? चार दिवस कडी ताटलीत पडून. परक्याची लेक हाय, तिची अब्रू. मग तिला ती खाली घातलेली मान आठवली, ती शाल आठवली. "तू माझ्या वेळंला गप बसलीस ना? मग मी कावून झाकू?" आन् कडी चिकटवली.

भादव्यात तिनं महालक्ष्म्यांपुढं तो बंगला मांडला, आन् महालक्ष्म्या जेवल्या त्या दिवशी सरळ विजयसिंहांच्या बंगल्यावर गेली. हॉल बायांनी भरलेला. सगळ्यांच्या देखत हात जोडले. "वैनीसाब, माझ्याकडं महालक्ष्मीच्या कुंकवाला या. सूनबाईंना घेऊन या." भर बायांत महालक्ष्मीच्या कुंकवाला न्हाई म्हणणारी बाई नेकनुरात अजून जन्मायचीय. सत्यशीलाबाई आल्या. मागं पंधरा-वीस बाया, कारण गावाला वास लागलाता.

"हे काय गं केशर, बंगला?"

"तुमचाच की. वळखला न्हाई?"

बॅटरी रुक्मिणीबाईच्या हातात. ती बाई म्हंजे गावाचं तोंड. "अगं, तुमच्या सोफ्याचं प्लास्टिक! आन् हा खिडकीतला कप कुणाचा?"

"माझा," केशरबाई म्हणली.

"आन् हे पिवळे डबे? शाळेत येतेत तसले दिसायलेत."

"तेल कुणाच्याबी घरी असतंय," सत्यशीलाबाई म्हणल्या.

"असतंय की. आमच्या घरी पिवळं न्हाई येत बाई."

मग बॅटरी कडब्याच्या खोलीत गेली. स्टेशन, कोंबडी. आधी एक बाई फिसकन हसली, मग दुसरी, मग सगळं घर. तेच हसू. मांडवातलं. केशरबाईनं ते अंगावर पाणी घ्यावं तसं घेतलं.

"वरच्या खोलीला कडी बाहेरून कावून?" रुक्मिणीबाईनं विचारलं आन् हसू थांबलं.

"खोटारडी!" सत्यशीलाबाईंचा आवाज चढला. "आमचंच खाऊन आमच्यावर? असली कडी आमच्यात न्हाईच. वर्षा, सांग ह्यांना!"

वर्षाराणी पुढं आली. गुडघ्यावर बसून लई येळ आत बघत राहिली.

"केशरमावशी," ती म्हणली, "कडी खालच्या अंगाला हाय. तुमी वर लावलीय. वरची मी आतून धक्के देऊन उचकटलीती. तुमी काम सोडल्यावर खाली नवी बसवली."

रुक्मिणीबाईची बॅटरी दाराच्या खालच्या अंगाला सरकली. वर्षाराणी उठून उभी राहिली.

"आन् ते स्टेशन मी न्हाई केलं. मला कागदाची होडीसुद्धा येत न्हाई."

"चल घरी," सत्यशीलाबाई म्हणल्या.

"तुमी व्हा पुढं. माझं कुंकू राहिलंय."

सासू एकटी गेली. केशरबाईनं पोरीला कुंकू लावलं. कडी कुणावरच्या रागानं लावलीती हे तिला सांगायला पायजे होतं. सांगितलं न्हाई. नुसता आपला फोन तिच्या हातात दिला. पोरीनं माहेरी, उमापूरला, भावाला लावला. दुसऱ्या दिवशी भाऊ जीप घेऊन आला. बंगल्यातून निघताना वर्षाराणीनं कपड्यांची एक पिशवी घेतली आन् एक पोतं. पोतं केशरबाईच्या दारात उतरवलं. आत स्टेशन होतं.

सटवा म्हणला, "छत मी सरळ करून देतो."

"हात लावू नका. जसं दिलंय तसं लोकांनी बघायचं."

विसर्जनाला गावानं आपापली आरास उतरवली. केशरबाईनं देव उचलले, बंगला न्हाई. दबलेलं स्टेशन त्याच्या शेजारी मांडलं. बंगल्यात एकच दुरुस्ती केली, कडी काढून खाली लावली. सत्यशीलाबाई दारात येऊन, बायांच्या देखत, "स्टेशन केशरनं केलं" म्हणत न्हाईत तवर हे उतरणार न्हाई, असं तिनं सगळ्यांना सांगून टाकलंय. विजयसिंहांची दोन माणसं येऊन गेली, उतरव म्हणून. तिनं त्यांच्या हातात बॅटरी दिली, म्हणली, बघून तर घ्या आधी.

काल मी गेलते तवा पत्रा गळत होता. देवघराच्या भिंतीला ओल आलीय, सोफ्याचा कोपरा उंदरानं कुरतडलाय. पुठ्ठा आन् डिंक हाय, सिमेंट न्हाई. बाई म्हणती, मी टिकंन, बंगल्याचं सांगता येत न्हाई. म्हणून म्हणते, जा. बीडहून नेकनूरच्या एसटीत बसा, उतरल्यावर केशरबाईचा बंगला विचारा, आता असंच म्हणतेत. बॅटरी सोबत न्या, वाका, आन् केशरबाईला तोंडावर सांगा, "बाई, स्टेशन तुमचं हाय." पण ह्याच आठवड्यात जा.