विमानाचं पोट

विमान हे मासे वाहून नेण्यासाठी निर्माण झालं आणि त्यात माणसांना बसू देणं हा निव्वळ विमान कंपनीचा चांगुलपणा, असं मनापासून मानणारे एकच गृहस्थ मला आयुष्यात भेटले, आणि ते माझे साडू आहेत. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे वेंगुर्ल्याचे, पण मी ओमानला आलो तेव्हा त्यांना सूरमध्ये राहून पंधरा वर्षं झाली होती. तिथल्या एका म्हाताऱ्या ओमानी मालकाच्या, म्हणजे अर्बाबच्या, मासळीच्या कंपनीत ते निर्यात बघत. पहाटे सूरच्या किनाऱ्यावर उतरलेले हमूर आणि सुरमई बर्फासकट थर्माकोलच्या पेट्यांत भरायचे, गाडी हाकत मस्कत गाठायचं आणि दुपारच्या झुरिकच्या विमानात त्या पेट्या चढवायच्या, हा त्यांचा नित्यनेम. मस्कतच्या वादी कबीर भागातलं आमचं घर वाटेवर असल्यामुळे बर्फाचं पाणी गाळणारी त्यांची गाडी आठवड्यातून दोनदा तरी आमच्या दारात उभी राही. ते चहा उभ्यानेच पीत. “बसा की भाऊ,” असं मी म्हटलं की म्हणत, “मी बसलंय तर बर्फ बसतलो, मास्तरांनू.” मी शाळेत गणित शिकवतो, म्हणून मास्तर.

झुरिक त्यांनी पाहिलं नव्हतं, पण तिथल्या विमानतळावर कुठून कोणतं विमान किती वाजता उतरतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. मार्चअखेरीला आणि ऑक्टोबरअखेरीला विमानांची वेळापत्रकं बदलतात. ती आली की साडूभाऊ चष्मा लावून पंचांग उघडल्यासारखे बसत. सिंगापूरचं रोज आहे का, जोहान्सबर्गचं कमी झालं का, कोलंबोहून कोणी सुरू केलंय का, हे सगळं एका वहीत उतरून घेत. कारण लांब पल्ल्याचं प्रत्येक मोठं विमान आपल्या पोटातून कुठला तरी मासा आणतं आणि तो मासा आपल्या हमूरचा शत्रू असतो, हा त्यांचा सिद्धान्त. एका हिवाळ्यात मालदीवहून थेट विमान सुरू होणार असं कळलं, त्या दिवशी त्यांनी आमच्याकडे चहासुद्धा घेतला नाही. घरात कोणी आजारी असावं अशा आवाजात म्हणाले, “मालदीवचा इमान सुरू झाला. आता थयलो कुपो झुरिकाक जातलो.” कुपा म्हणजे टूना. माझ्या बायकोने, “भाऊजी, आपल्याला काय त्याचं?” असं विचारलं मात्र, पुढची दहा मिनिटं तिला टूनाच्या चवीतले दोष ऐकावे लागले.

प्रवाशांविषयी त्यांचं मन जरा कलुषितच होतं. लोक बॅगा आणतात, बॅगा विमानाच्या पोटात जातात आणि तेवढ्या पेट्या खाली राहतात, हे दुःख त्यांना गिळता येत नसे. “माणसा वर बसतत ह्या बरा,” असं एकदा सुस्कारा टाकून म्हणाले होते, “नायतर तीपण खालीच भरली असती.” आमच्या इमारतीत तळमजल्यावर वसईचे एक गृहस्थ राहत. ते एका हॉटेलात होते आणि हॉटेलने त्यांना तीन आठवड्यांच्या शिक्षणासाठी स्वित्झर्लंडला पाठवायचं ठरवलं होतं. ही बातमी साडूभाऊंना जिन्यात लागली. “सामान किती किलो?” हा त्यांचा पहिला प्रश्न. अभिनंदन वगैरे नंतर. मग त्यांनी त्या सज्जन माणसाच्या घरी बसून त्याची मोठी बॅग स्वतः रिकामी केली. लोणचं कशाला, तिथे काय जेवण नसतं? दोन कोट कशाला, अंग एकच ना? वसईकर भिडस्त. एक लहान बॅग घेऊन गेले आणि तीन आठवडे कुडकुडले. परत आल्यावर साडूभाऊंनी त्यांच्या हातात सुरमईचं एक अख्खं मधलं खांड ठेवलं आणि गंभीरपणे सांगितलं, “तुमच्या जाग्यावर दोन पेट्या हमूर गेले. तुमका पुण्य लागतला.”

झुरिकला हा माल घेणारी एक म्हातारी बाई होती. लहानसं मासळीचं दुकान तिचं. इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं. दोघांचं इंग्रजी मिळून एक वाक्य जेमतेम होई, तरी रोज सकाळी फोन. मासा ताजा आहे की नाही हे त्याच्या डोळ्यावरून कळतं, म्हणून ती एवढंच विचारी, “आय गुड?” आणि साडूभाऊ छातीवर हात ठेवून म्हणत, “आय व्हेरी गुड, मॅडम.” लग्न होऊन सूरला नव्यानेच आलेल्या आमच्या मेव्हणीने हे संभाषण पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा ती दोन दिवस नवऱ्याशी बोलली नव्हती म्हणे.

मग एका वसंतात नवं वेळापत्रक आलं आणि त्यात झुरिकचं विमान होतं, वेळ तीच होती, फक्त विमान लहान झालं होतं. वरच्या प्रवाशांना विशेष फरक पडला नाही. पण लहान विमानाचं पोटही लहान. प्रवाशांच्या बॅगा भरल्यावर तिथे जेमतेम पाच-सात पेट्या मावायच्या. पहिल्याच दिवशी दुपारी साडूभाऊंची गाडी विमानतळावरून परत आमच्या दारात आली. बहुतेक पेट्या तशाच. त्या दिवशी ते पहिल्यांदा आमच्याकडे बसले, तेही घरात नाही, जिन्याच्या पायरीवर. “घेतल्यानी नाय,” एवढंच म्हणाले. आम्ही त्या पेट्या इमारतीत वाटल्या. केरळी, गुजराती, सिंधी, ज्याच्या घरात मासे चालत होते त्या प्रत्येक घरात हमूर शिजला आणि सगळा जिना घमघमला. साडूभाऊंच्या ताटातला भात मात्र तसाच राहिला.

अर्बाबने, “खलास, निर्यात बंद,” असं सांगून टाकलं. पेट्या भरणारी चौदा माणसं होती, बहुतेक रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची, आणि साडूभाऊंनीच एकेक करून आणलेली. त्यांनी अर्बाबकडे एक महिना मागून घेतला. दुबईहून झुरिकला मोठी विमानं जातात हे त्यांच्या वहीत होतंच. सूरहून बर्फाच्या ट्रकने मासे दुबईला न्यायचे, असं त्यांनी ठरवलं. पहिल्या फेरीला ते स्वतः निघाले आणि कागदपत्रांचं इंग्रजी सांभाळायला मला सुट्टीतून उचललं.

सरहद्दीवर आमचा ट्रक अडला. ऊन मी म्हणत होतं. एक तरुण अधिकारी कागद उलटेपालटे करत होता आणि ट्रकच्या मागच्या दारातून पाणी ठिबकत होतं. साडूभाऊ दर दोन मिनिटांनी ते पाणी बघून येत, जसं कोणी दवाखान्याबाहेर येरझाऱ्या घालावं. शेवटी न राहवून त्यांनी एक पेटी उघडली, हमूर दोन्ही हातांवर घेतला आणि त्या अधिकाऱ्यासमोर धरला. मला वाटलं, आता आपली रवानगी तुरुंगात. तो वाकला, त्याने माशाचा कल्ला बोटाने उचलून पाहिला आणि विचारलं, “कुठला?” “सूर.” त्याचा आजा होडीवर होता, सूरला येऊन-जाऊन असे. पाच मिनिटं ते दोघे माझ्या डोक्यावरून जाणाऱ्या अरबीत वाऱ्यांविषयी आणि जाळ्यांविषयी बोलले. मग त्याने शिक्का मारला आणि हात हलवून म्हणाला, “यल्ला, यल्ला, मासा वाट बघत नाही.”

मासे पोचले. महिनाभर पोचत राहिले, अर्बाबही निवळला. पण त्या लांबच्या वाटेत एक अख्खा दिवस जाई. म्हातारीचा फोन येई, आणि ती काही तक्रार करत नसे. फक्त तिचा प्रश्न बदलला होता. पूर्वी ती विचारायची आणि हे सांगायचे. आता ती थोडं थांबून स्वतःच म्हणायची, “आय... ओके.” पाच-सहा वेळा हे ऐकल्यावर साडूभाऊ एका सकाळी आपण होऊन अर्बाबकडे गेले आणि निर्यात थांबवा म्हणाले. मी त्यांच्यावर चिडलो. म्हटलं, “भाऊ, ती घेतेय ना? मग तुम्ही कशाला नाही म्हणता?”

“ती माझ्या तोंडाकडे बघून घेता,” ते म्हणाले. “डोळो मेलो, मास्तरांनू. आता पाठवन काय करतलंय?”

चौदांपैकी अकरा माणसांना मस्कतच्या हॉटेलांना मासे पुरवायच्या कामात त्यांनी बसवलं. उरलेल्या तिघांना गावी जावं लागलं. त्यांना सोडायला ते विमानतळापर्यंत गेले आणि तिघांच्याही बॅगा त्यांनी स्वतः उचलून ढकलगाडीवर ठेवल्या.

काही महिन्यांनी झुरिकहून पत्र आलं, हाताने लिहिलेलं, जर्मनमध्ये. साडूभाऊंनी ते माझ्याकडे पाठवलं आणि आमच्या शाळेतल्या एका बाईंनी ते वाचून दिलं. म्हातारी दुकान बंद करत होती. तिने लिहिलं होतं की इतकी वर्षं तुमचा मासा हाताळला, पण माझ्या देशाला समुद्र नाही आणि तुमचा समुद्र काही मी पाहिला नाही. तो कसा आहे, ते एकदा कळवा.

मी पत्र घेऊन सूरला गेलो. साडूभाऊंनी कंपनीतली माणसं गोळा केली आणि मला ते मोठ्याने, मराठीत, दोनदा वाचायला लावलं. मग मला घेऊन ते खाडीवर आले. पलीकडे लाकडी गलबतं बांधायचं काम चाललं होतं, ओहोटी लागली होती. मांडीवर वही, हातात पेन. “तिका काय लिवचा रे?” असं त्यांनी मला एकेरीत विचारलं, पहिल्यांदाच. मी पाण्याचा रंग सुचवला, पक्षी सुचवले, गलबतं सुचवली. ते लिहीत आणि खोडत. ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथे बसलो होतो. शेवटी एक कोरं पान घेऊन त्यांनी जपून, एकेक अक्षर सुटं काढत, त्यांच्या इंग्रजीत एकच ओळ लिहिली आणि मला दाखवलीही नाही. पाकिटावर पत्ता घालताना मी ती चोरून वाचली.

‘मॅडम, समुद्र बरा आहे. तुमची आठवण काढतो.’